नक्षी कोरी, टायर म्हातारा : हौसेच्या जुन्या गाडीच्या टायरांची तपासणी आणि बदल

२०१९ च्या मे महिन्यात, दुपारी साडेतीनच्या सुमारास, आमची १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी घेऊन मी नेरुळहून ठाण्याला परतत होतो. ठाणे-बेलापूर रस्त्यावर रबाळे मागे पडले आणि कोणीतरी पत्र्यावर काठीने बडवावे तसा आवाज मागच्या डाव्या बाजूने येऊ लागला. वेग ताशी साठच्या आसपास होता. गाडी कडेला घेऊन पाहिले, तर टायरच्या नक्षीचा हातभर लांबीचा पट्टा सुटून लोंबत होता आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला मडगार्डच्या आतून आपटत होता. टायरमध्ये हवा मात्र अजून शाबूत होती. जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी हवा भरताना एका टायरवाल्याला मी याच टायरांबद्दल विचारले होते. त्याने खाचेत अंगठा घालून सांगितले होते, "टायर तर कोरा आहे साहेब, नक्षी बघा ना." नक्षी खरोखरच कोरी होती. घरी आल्यावर टायर साबणाने धुतला, आतल्या बाजूला टॉर्च मारला आणि १४ वर्षांत प्रथमच त्यावरचा आकडा वाचला : ११०५, म्हणजे २००५ सालचा अकरावा आठवडा.

रोजच्या वापरातील गाडीचा टायर बहुधा झिजून संपतो. हौसेने सांभाळलेल्या जुन्या गाडीचा टायर मात्र झिजण्याआधीच म्हातारा होतो, कारण अशी गाडी वर्षाकाठी पाचशे-हजार किलोमीटरही धावत नाही. टायर किती धावला हे नक्षी सांगते. तो किती जगला हे ती सांगत नाही. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी 'व्हीए' मालिकेची नोंदणी आली, तिच्या अटीही याच दिशेने जातात. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही; रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, इंधन आणि देखभाल एवढ्यापुरतीच ती बाहेर काढायची. म्हणजे गाडी जितकी मौल्यवान, तितके तिचे टायर वापराऐवजी वयानेच निकामी होण्याची शक्यता अधिक.

रबर म्हातारे का होते

टायरचे रबर गंधकाच्या साहाय्याने शिजवलेले असते आणि ही प्रक्रिया कारखान्यातून बाहेर पडल्यावर पूर्णपणे थांबत नाही. उष्णतेने आणि प्राणवायूने रबरातील साखळ्या एकमेकींना अधिकाधिक जखडत जातात, काही ठिकाणी तुटतातही, आणि मऊ, लवचिक रबर हळूहळू कडक आणि ठिसूळ होते. ही हानी दोन्ही बाजूंनी होते. बाहेरून ऊन आणि हवेतील ओझोन काम करतात. आतून दाबाखाली कोंडलेल्या हवेतील प्राणवायू अस्तरातून झिरपत टायरच्या थरांपर्यंत पोहोचतो. रेडियल टायरमध्ये पोलादी तारांचे पट्टे जिथे संपतात तो खांद्याजवळचा भाग सर्वांत जास्त तापतो आणि सर्वांत जास्त वाकतो, म्हणून थर सुटायला सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते. बाहेरून काहीही न दिसता आतला जोड कुजलेला असू शकतो, आणि माझ्या टायरचे नेमके हेच झाले होते.

ओझोनपासून संरक्षण म्हणून कारखानदार रबरात विशिष्ट रसायने आणि मेण मिसळतात. टायर फिरताना, दबताना-सुटताना ते मेण पृष्ठभागावर येत राहते आणि त्याचा पातळ पापुद्रा तयार होतो. उभ्या गाडीचा टायर वाकतच नाही. त्यामुळे मेण वर येत नाही आणि संरक्षण विरत जाते. 'गाडी वापरलीच नाही, मग टायर खराब कसे होतील?' हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि त्याचे उत्तर हेच आहे की न वापरल्यामुळेच ते लवकर खराब होतात. ठाणे आणि नवी मुंबईत यात उन्हाचा तडाखा, दमट हवा आणि वाहनांच्या धुरावर ऊन पडून तयार होणारा ओझोन यांची भर पडते. घोडबंदर रस्त्यालगतच्या एखाद्या संकुलात उघड्यावर उभी असलेली गाडी आणि स्टिल्टखाली सावलीत असलेली गाडी यांच्या टायरांचा फरक चार-पाच वर्षांत नुसत्या डोळ्यांनी कळतो. उघड्या गाडीतही ज्या बाजूला दुपारचे ऊन येते, त्या बाजूचे टायर आधी तडकतात.

पहिले काम : जन्मतारीख वाचणे

टायरच्या बाजूला 'डीओटी' ही इंग्रजी अक्षरे आणि त्यापुढे कारखान्याची सांकेतिक अक्षरे असतात. ओळीच्या शेवटी, बहुधा लंबगोल चौकटीत, चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा, अर्थात जूनची सुरुवात. ही पूर्ण ओळ पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूला असते आणि बसवणाऱ्याने ती बाजू आत घातली असेल, तर बाहेरून फक्त अर्धवट ओळ दिसते. अशा वेळी गाडीखाली वाकून टॉर्च मारावा, किंवा सरळ चाक काढावे. मी दुसरा मार्ग सुचवतो, कारण पुढच्या तपासणीसाठी चाक काढावेच लागणार आहे.

चारऐवजी तीनच आकडे आढळले, तर तो टायर २००० सालापूर्वीचा आहे. २४८ म्हणजे चोविसावा आठवडा आणि शेवट आठने होणारे वर्ष; ते १९९८ की १९८८ यावर डोके खाजवण्याचे कारण नाही, कारण दोन्ही उत्तरांचा निकाल एकच आहे.

पाचही टायरांचे आकडे वहीत लिहावेत. पाचवा, म्हणजे स्टेपनी, हा बहुतेक गाड्यांतील सर्वांत जुना टायर असतो. डिकीत अंधारात पडून असल्याने तो दिसायला नवा असतो, आणि अडचणीच्या वेळी, नेमका सामान आणि माणसांनी गाडी भरलेली असताना, आपण त्याच्यावर विसंबतो. गाडी विकत घेताना मालक 'टायर नुकतेच टाकले आहेत' असे सांगतो तेव्हाही आकडे पाहावेत. 'नुकतेच' या शब्दाचा अर्थ जुन्या गाड्यांच्या व्यवहारात फार लवचिक असतो.

किती वय चालेल

नक्षीची खोली कायद्याने ठरलेली आहे : मोटारीसाठी किमान १.६ मिलिमीटर. वयाचा हिशेब मात्र मालकानेच ठेवायचा असतो. अनेक वाहन उत्पादक नक्षी कितीही शिल्लक असली तरी सहा वर्षांनी टायर बदला असे सांगतात. मिशलँसारखे टायर उत्पादक पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि उत्पादनाच्या तारखेपासून दहा वर्षांनी, टायर दिसायला चांगला असला तरी, बदल असा सल्ला देतात. सहा आणि दहा यांमधला काळ हा निर्णयाचा काळ आहे.

या मर्यादा कागदी नाहीत. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०१२ मध्ये एका संगीत महोत्सवाहून परतणाऱ्या बसचा पुढचा टायर फुटून तीन जणांचा जीव गेला. तो टायर १९ वर्षांचा होता आणि तेव्हाच्या कायद्यात टायरच्या वयाला मर्यादाच नव्हती. मृतांपैकी एका तरुणाच्या आईने अनेक वर्षे पाठपुरावा केला, आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून तिथे ट्रक आणि बसच्या पुढच्या चाकांवर दहा वर्षांहून जुने टायर वापरण्यास बंदी आली. संग्राहकांच्या गाड्यांच्या जगातले उदाहरण ३० नोव्हेंबर २०१३ चे आहे. कॅलिफोर्नियात अभिनेता पॉल वॉकर ज्या पोर्शे कॅरेरा जीटीमध्ये मरण पावला, ती २००५ सालची गाडी फार थोडी वापरलेली होती आणि तिचे टायर नऊ वर्षांचे होते. तपास यंत्रणेने बेफाम वेग हेच कारण ठरवले, परंतु टायरांच्या वयामुळे गाडीच्या पकडीवर परिणाम झाला असण्याची नोंदही अहवालात केली.

माझ्या घरचा नियम असा आहे : पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांतून एकदा पाहणी, पाचव्या वर्षानंतर दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर चाक काढून पूर्ण तपासणी, सातव्या वर्षी बदल. तपासणीत दोष आढळला तर त्याच दिवशी बदल, मग टायर तीन वर्षांचा का असेना. जी गाडी कॉलनीबाहेर जातच नाही तिच्यासाठी कोणी नवव्या वर्षापर्यंत ताणले, तर मी वाद घालणार नाही. पण ती गाडी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर किंवा अटल सेतूवर न्यायची असेल, तर घालेन. तिथे मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मुभा आहे, तासभर एकाच वेगाने पळणाऱ्या टायरला थंड व्हायला उसंत मिळत नाही, आणि वयाचा दोष बाहेर पडतो तो अशा सलग उष्णतेतच.

दुसरे काम : चाक काढून तपासणी

यासाठी रविवारची सकाळ पुरते. जॅक, पक्का स्टँड, चाकाखाली लावायला लाकडी ठोकळे, साबणाचे पाणी, मऊ ब्रश, टॉर्च, खडू आणि खात्रीचा हवेचा गेज एवढे साहित्य जवळ असावे. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये.

हवेचा दाब सर्वांत आधी, गाडी हलवण्यापूर्वी मोजावा, कारण टायर थंड असतानाचाच आकडा खरा असतो. साधारण साडेपाच अंश सेल्सिअस तापमान वाढले की दाब एक पीएसआयने वाढतो. म्हणून दुपारी फिरून आल्यावर दिसणारा वाढीव दाब पाहून हवा कमी करणे ही चूक आहे. आकडा लिहून ठेवावा, गाडी आठवडाभर तशीच ठेवावी आणि पुन्हा त्याच वेळी मोजावे. एखाद्याच चाकाचा दाब इतरांपेक्षा जास्त उतरला असेल, तर ट्यूब, हवा भरण्याचा व्हॉल्व्ह किंवा गंजलेली रिम यांच्याकडे लक्ष जाते.

मग टायर धुवावा. मळक्या टायरवर चिरा दिसत नाहीत आणि चमक आणणारे पॉलिश लावलेल्या टायरवर तर अजिबातच दिसत नाहीत. कोरड्या टायरची बाजू दोन्ही अंगठ्यांनी दाबून वाकवावी. वाळलेल्या मातीसारखे बारीक जाळे पृष्ठभागावर असेल आणि वाकवल्यावरही ते उघडत नसेल, तर ती म्हातारपणाची पहिली सूचना आहे. चीर उघडली आणि नखाची कड तिच्यात अडकू लागली, तर टायर संपला. आत दोऱ्याचे किंवा तारेचे टोक दिसले, तर ते चाक गाडीला परत लावूच नये. बाजूवरच्या चिरांपेक्षाही मला खाचांच्या तळाशी, चाकाच्या परिघाला धरून धावणाऱ्या चिरांची जास्त भीती वाटते. त्या दिसायला किरकोळ असतात, पण नक्षीचा पट्टा तिथूनच सुटतो. या चिरा पाहण्यासाठी खाचांतले खडे काढून टॉर्च तिरपा धरावा लागतो. सरळ प्रकाशात त्या लपतात. रिमला लागून असलेला काठ आणि आतली बाजू याच रीतीने पाहावी. आतल्या बाजूला इंजिनाचे किंवा ब्रेकचे तेल गळून रबर फुगलेले, चिकट झालेले आढळते, आणि तो दोष वयाचा नसून वेगळ्या दुरुस्तीचा असतो.

चाक परत लावून, पण हवेत उचललेलेच ठेवून, त्याच्या नक्षीसमोर एक ठोकळा दोन-तीन मिलिमीटरवर स्थिर ठेवावा आणि चाक हाताने सावकाश फिरवावे. फट सर्वत्र सारखी राहिली पाहिजे. एका जागी टायर ठोकळ्याला घासला आणि पुढे सुटला, तर तिथे फुगा आहे किंवा आतला थर सुटू लागला आहे. खडूने खूण करून त्या जागेवर तळहात दाबून फिरवला, की उंचवटा हाताला कळतो. फट एका जागी वाढत असेल, तर गाडी उभी राहून टायरला चपटा डाग पडला आहे. जुन्या नायलॉन टायरांना असे डाग रात्रभरात पडतात आणि पंधरा-वीस किलोमीटर चालवून टायर गरम झाला की जातातही. महिनोन्‌महिने उभ्या गाडीचे डाग मात्र कायमचे राहतात.

रबराचा कडकपणा मोजण्यासाठी शोअर ए मोजपट्टीचे छोटे यंत्र मिळते. मोटारीच्या नव्या टायरची नक्षी त्यावर साधारण ६० ते ७० दाखवते. वय वाढते तसा आकडा चढतो. एकट्या आकड्यावर निकाल देऊ नये. एकाच गाडीच्या चार टायरांत दहाचा फरक निघाला, तर मात्र तो पुरेसे बोलतो. यंत्र नसेल तर नख रोवून पाहावे : जिवंत रबरात नखाची खूण उमटून हळूहळू भरून येते, मेलेल्या रबरावर नख घसरते.

चालवतानाची लक्षणेही याच तपासणीचा भाग आहेत. ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरणे, बॅलन्सिंग करूनही न जाणारी धडधड, पहिल्या पावसात ब्रेक दाबताच गाडी सरकणे, यांपैकी काहीही सुरू झाले की आधी टायरची तारीख पाहावी आणि मग मेकॅनिककडे जावे. जून महिन्यात, तेलकट रस्त्यावर पहिली सर पडते तेव्हा, कडक झालेल्या रबराची पकड किती उरली आहे हे फार अनपेक्षितपणे कळते.

तिसरे काम : माप ठरवणे

जुन्या गाड्यांच्या बाबतीत टायर बदलण्याचे सर्वांत किचकट काम हेच आहे. पद्मिनीचे मूळ माप ५.२०-१४ आणि अॅम्बेसेडरचे ५.९०-१५. यातला पहिला आकडा टायरची रुंदी इंचांत सांगतो, दुसरा रिमचा व्यास. हे टायर क्रॉसप्लाय बांधणीचे असत, म्हणजे त्यांच्या आतले दोऱ्यांचे थर एकमेकांना तिरपे छेदत जातात. आज दुकानात मिळतात ते रेडियल, ज्यांत दोरे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे जातात, आणि त्यांचे माप १५५/८० आर १४ अशा पद्धतीने लिहिलेले असते. जुळणी करताना पूर्ण चाकाचा व्यास काढावा. जुन्या क्रॉसप्लायची उंची रुंदीच्या साधारण ९५ टक्के धरतात. ५.२० इंच म्हणजे १३२ मिलिमीटर. त्याचे ९५ टक्के १२५.५, दोन्ही बाजूंचे मिळून २५१, त्यात १४ इंचांचे ३५६ मिळवले की ६०७ मिलिमीटर. नव्या टायरचे १५५ चे ८० टक्के १२४, दुप्पट २४८, अधिक ३५६, म्हणजे ६०४. फरक अर्ध्या टक्क्याचा. स्पीडोमीटर आणि गिअरिंग जवळपास जागच्या जागी राहतात. व्यास जुळला म्हणजे काम झाले असे नाही. टायरची रुंदी आपल्या रिमला चालते का हे उत्पादकाच्या तक्त्यात पाहावे लागते, आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर कुठे घासत नाही ना, हे गाडीत माणसे बसवून तपासावे लागते.

रेडियल आणि क्रॉसप्लाय एकाच आसावर कधीही मिसळू नयेत. नाइलाजाने दोन आसांवर वेगवेगळे वापरावे लागले, तर रेडियल मागे आणि क्रॉसप्लाय पुढे असावेत. उलट केले तर वळणावर पुढची चाके रस्ता धरून ठेवतात आणि मागची सटकतात. गाडी स्वतःभोवती फिरते. खरे सांगायचे तर ही तडजोडही करू नये. जुन्या गाडीला एकाच वेळी पाच टायर घ्यावेत. खर्च बोचतो, पण हौसेच्या गाडीला टायर आयुष्यात फार वेळा घ्यावे लागत नाहीत. फक्त दोनच नवे घ्यायचे झाले, तर तेही मागच्या आसावर बसवावेत.

मापापुढचा भारांक आणि वेगाचे अक्षर यांकडे काणाडोळा होतो. भारांक ७५ म्हणजे प्रत्येक टायरवर ३८७ किलो, ८० म्हणजे ४५०. वेगाचे अक्षर एस असेल तर ताशी १८० किलोमीटर, टी असेल तर १९०. आपल्या गाड्यांना हा वेग स्वप्नातही गाठायचा नसतो, त्यामुळे भारांकच जपून पाहावा. मूळ रूपाचा आग्रह असलेल्या संग्राहकांसाठी पिरेलीची 'कोलेझिओने' आणि मिशलँची 'क्लासिक' अशा मालिका आहेत, ज्यांत जुन्या नक्षीचे टायर नव्याने ओतले जातात. परदेशी गाड्यांना त्यांचा उपयोग होतो. आयात करताना मात्र तारीख आधी छायाचित्रातून मागवून घ्यावी.

चौथे काम : खरेदी आणि बसवणी

प्रचलित मापाचा टायर दुकानात फिरता असतो. आडमापाचा टायर दुकानातच म्हातारा होतो. 'तुमच्या मापाचा जुना साठा मिळाला, कागदही फाडलेला नाही' असा फोन आला, की मला आनंदाआधी शंका येते. न वापरलेला पंधरा वर्षांचा टायर हा नवा टायर नव्हे; प्रदर्शनातल्या गाडीला तो शोभेल, रस्त्यावरच्या गाडीला नाही. पैसे देण्याआधी प्रत्येक टायरची तारीख स्वतः वाचावी, सहा महिन्यांपर्यंतचा माल मागावा, फार तर वर्षापर्यंतचा घ्यावा, आणि पाचही आकडे बिलावर लिहून घ्यावेत. दुकानदार कुरकुरतो, पण लिहितो. रिमोल्ड केलेले टायर हौसेच्या गाडीला घेऊ नयेत. वरची नक्षी नवी असली तरी आतला सांगाडा कोणत्या सालचा आहे हे कळत नाही.

बहुतेक जुन्या रिमवर टायरचा काठ अडवून धरणारा उंचवटा नसतो, म्हणून त्यांना ट्यूब लागते, आणि टायरबरोबर ट्यूबही नवीच हवी. रेडियलसाठी रेडियलची ट्यूब सांगून घ्यावी. टायरच्या आत चिकटवलेली कागदी लेबले सोलून काढावीत, कारण त्यांच्या कडा ट्यूबला घासतात. या साध्या गोष्टीकडे दहापैकी नऊ ठिकाणी लक्ष दिले जात नाही, म्हणून मी दुकानात समोर उभा राहतो. रिम तारेच्या ब्रशने घासून, गंज काढून, रंगवून कोरडी झाल्यावरच टायर चढवावा. आत टाल्कम पावडर मारावी, थोडी हवा भरून सोडावी म्हणजे ट्यूबच्या घड्या निघतात, आणि मग पूर्ण दाब द्यावा. किती दाब द्यायचा हे गाडीच्या पुस्तिकेतून ठरवावे; रेडियल बसवले असतील, तर त्या मापासाठीचा उत्पादकाचा तक्ताही विचारात घ्यावा.

नायट्रोजन भरावा का, असा प्रश्न हमखास येतो. आतून होणारे प्राणवायूचे काम त्याने थोडे मंदावते, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि बाहेरच्या ऊन-ओझोनवर त्याचा काहीच उपाय नाही. सवडीने मिळाला तर घ्यावा, त्यासाठी वेगळा फेरा मारू नये.

बसवल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटरनी नट पुन्हा आवळावेत. नव्या टायरवर साच्याचा बुळबुळीत थर असतो, तो जाईपर्यंत पहिले तीनशेक किलोमीटर जोरदार ब्रेक आणि वेगवान वळणे टाळावीत.

उभ्या गाडीचे टायर

दर दोन-तीन आठवड्यांनी गाडी वीस-पंचवीस किलोमीटर चालवणे यासारखे दुसरे औषध नाही. नुसते इंजिन सुरू करून ठेवल्याने बॅटरीचे भले होते की नाही हा वेगळा वाद आहे. टायरचे तरी होत नाही. रविवारी पहाटे ठाण्याहून ऐरोली पुलावरून निघून वाशी ते बेलापूर असा पाम बीच रस्त्याचा फेरा मारून परत आले, की टायर पुरेसे तापतात, मेण पृष्ठभागावर येते आणि चपटे डाग निघून जातात.

पावसाळ्यात गाडी तीन-चार महिने हलणार नसेल, तर ती आसाखाली स्टँड देऊन उचलून ठेवावी. तेही जमत नसेल, तर दाब थोडा वाढवून, टायरच्या बाजूवर लिहिलेली कमाल मर्यादा न ओलांडता, आठवड्याला गाडी फूटभर पुढे-मागे करावी. पार्किंगमध्ये तेल सांडलेले नसावे, आणि जवळपास वेल्डिंग किंवा ठिणग्या पडणारी, ब्रश असलेली जुनी विजेची यंत्रे चालत असतील, तर जागा बदलावी, कारण तिथे ओझोन तयार होतो. आपल्याकडे गाडी धुणारी मुले चकाकी आणण्यासाठी टायरवर डिझेलचा बोळा फिरवतात. टायर तासभर काळाभोर दिसतो आणि रबरातले संरक्षक मेण मात्र धुऊन निघते. आमच्या सोसायटीत मी हे थांबवायला दोन वर्षे घालवली. शेवटी बाटलीत साबणाचे पाणी भरून तीच गाडी धुणाऱ्या मुलाच्या हातात दिली.

मूळ टायर जपायचेच असतील, तर रिमचा दुसरा संच मिळवून ते त्यावर चढवावेत, काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून थंड, अंधाऱ्या जागी ठेवावेत, आणि प्रदर्शनाच्या मैदानात पोहोचल्यावर लावावेत. मैदानापर्यंतचा प्रवास नव्या टायरांवर.

चालत्या गाडीत टायर फुटला, तर

स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट आणि सरळ धरावे, ब्रेकवर पाय मारू नये, ॲक्सिलरेटर सावकाश सोडावा आणि गाडी आपोआप मंदावू लागली की डावीकडे घ्यावी. ट्यूबच्या टायरमधील हवा ट्यूबलेसपेक्षा फार वेगाने जाते, त्यामुळे विचाराला वेळ मिळत नाही. हात-पायांना आधीच माहीत असावे लागते. मूळ गाडीत सीटबेल्ट नसले तरी पुढच्या दोन जागांना ते बसवून घ्यावेत. पद्मिनीत ते बसवताना मूळ रूप बिघडल्याची हळहळ मलाही वाटली होती.

काढलेल्या टायरांचे काय

काढलेले टायर गच्चीवर किंवा गॅरेजमागे टाकून ठेवू नयेत. पावसाचे पाणी साचून त्यात डेंग्यूचे डास होतात. दुकानात तसेच सोडून आलो, तर नक्षी कोरी असल्यामुळे ते धुऊन-पुसून दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीला लागण्याची शक्यता असते. २०१९ साली उरलेले चार टायर काढले, तेव्हा मी पंक्चरवाल्याची सुरी मागून घेतली आणि प्रत्येकाची बाजू वीतभर कापून मगच ते भंगारात दिले. शेजारी उभा असलेला रिक्षावाला हळहळला, "अहो, चांगले होते की!" मी त्याला ११०५ हा आकडा दाखवला. त्याने स्वतःच्या रिक्षाजवळ जाऊन, गुडघ्यावर बसून, पुढच्या चाकाची माती अंगठ्याने पुसायला सुरुवात केली.